महेमूदभाईंचा मेवा माझ्या चार्जमध्ये

१ मार्च, शनिवार. सकाळी

आज चार्ज घेतला.

शेजारचे महेमूदभाई थैली घेऊन आले. आत ईदच्या शिरखुर्म्याचा सगळा मेवा. बदाम, काजू, पिस्ते, अक्रोड, चारोळी, खारीक. त्यांच्या घरातली फरशी उखडलेली आहे, रंगाचं काम निघालं आहे, सामान अंगणात आलं आहे. उद्यापासून रोजे. हसीनाभाभी म्हणाल्या म्हणे, मेवा घरात राह्यला तर अर्धा सिमेंट खाईल अन्‌ अर्धा नातवंडं. म्हणून तो ईदपर्यंत माझ्याकडे. माझा मुलगा राजानंद दारातच उभा होता, सून ज्योत्स्ना आत होती. पण महेमूदभाईंनी हाक मला मारली आणि थैली माझ्या हातात दिली. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

म्हणाले, अप्पा, काही करायचं न्हाई. बस ठेवायचं. ईदच्या टायमाला घेऊन जातो.

काही करायचं नाही म्हणे. भाईंचं आयुष्य मोटारी अन्‌ कूलरच्या वायंडिंगमध्ये गेलं. त्यांना कल्पना नाही. ठेवणं हेच मोठं काम आहे. मी जालना रोडच्या बियाण्याच्या कंपनीत गोदाम सांभाळलं आहे. बेबीनंदा म्हणते, गोदाम कुठलं, तुम्ही तर गेटवर व्हते. आता बायकोला काय सांगावं. गेटवरूनच तर गोदाम पूर्ण दिसतं. आत गेलेल्या माणसाला फक्त पोती दिसतात.

रिटायर झाल्यापासून या घरात मला चार्ज नाही. गॅसचा नंबर ज्योत्स्नाच्या मोबाइलमध्ये गेला. फाटकाची किल्ली राजानंदकडे गेली. शेवटी दुधावर लक्ष ठेवायचं काम होतं, तेही काढून घेतलं. दूध उतू गेलं ते गवळ्यामुळे. पातळ दूध फार जल्दी वर येतं. पण ऐकतो कोण.

आता बघतील.


१ मार्च. दुपारी

गोदामाचा पहिला नियम: माल जमिनीला टेकवायचा नाही. दुसरा: भिंतीला टेकवायचा नाही. पलंगाखाली विटा लावून त्यावर थैली ठेवली. जागा बराबर मधोमध आली. बेबीनंदाची करंगळी विटेला ठेचली. तिला म्हटलं, पाहून चालत जा, इथं स्टॉक आहे.


२ मार्च, रविवार

ज्योत्स्नाने सल्ला दिला. म्हणाली, पप्पा, स्वच्छ कोरड्या बरण्यांमध्ये भरा, झाकण घट्ट लावा अन्‌ फ्रीजमध्ये ठेवून द्या. काही होत न्हाई.

पोरगी बी.ए. आहे. मी सातवीपर्यंत. पण बी जिवंत असतं हे बी.ए.ला शिकवत नाहीत. त्याला श्वास लागतो. मी तिला विचारलं, तुला बरणीत घालून झाकण घट्ट लावलं तर? ती आत निघून गेली. पटलं असणार. नंतर स्वयंपाकघरात दोघी हसत होत्या, ते बहुतेक दुसऱ्या कशावर असेल.

निश्चय: एक दाणाही तोंडात टाकायचा नाही. अमानत आहे.


४ मार्च, मंगळवार

उंबऱ्यावर मुंग्यांची रांग. रांग अंगणाकडे चालली होती, मेव्याकडे नाही. पण मुंगी आज अंगणात जाते, उद्या तिचा विचार बदलला तर? मुंग्यांचा खडू आणून पलंगाभोवती गोल रेघ मारली. एक रेघ कमी वाटली म्हणून तीन मारल्या. बेबीनंदा खडूच्या वासाने खोकत राह्यली. म्हणाली, मी आज बाहेरच्या खोलीत झोपते, तुम्ही झोपा तुमच्या बदामाशेजारी.

झोपलो. छान झोप लागली. जबाबदारी असली की झोप चांगली लागते.


६ मार्च, गुरुवार

थैलीत हात घातला. बदाम दमट लागला. माझा हात ओला होता हे खरं, पण हातामुळेच दमट असेल असं कशावरून? मॉइश्चर हा मालाचा पहिला शत्रू. पावसात भिजलेलं सोयाबीन मी पाहिलेलं आहे.

निश्चय: ऊन देणे.


७ मार्च, शुक्रवार. गच्चीवरून

गच्चीवर चादर टाकून मेवा पसरला. मी छत्री आणि काठी घेऊन बसलो आहे. ऊन कडक आहे. मालाला चांगलं, मला नाही. डोक्यावर ओला रुमाल.

पलीकडच्या गच्चीवर चांगुणाबाई पापड वाळवत होत्या. ओरडून म्हणाल्या, काय अप्पा, यंदा कुरडया तुम्हीच घालून राह्यले का? मी उत्तर दिलं नाही. ड्यूटीवर बोलत नसतात.

एक कावळा आला. काठी उगारली. तो एका बाजूने उडाला, दुसरा दुसऱ्या बाजूने आला. अर्धा अक्रोड घेऊन गेला. कावळ्यांमध्ये संगनमत आहे.


९ मार्च, रविवार

ऊन देणे तिसरा दिवस. मेव्याला चकाकी आली आहे. काजूला हात लावला की बोटाला तेल लागतं. बेबीनंदा म्हणते, तेल सुटलं म्हंजे खवट होईल. मी म्हणतो, तेल सुटलं म्हणजे माल जागा झाला. मेलेल्याला घाम येतो का?

संध्याकाळी महेमूदभाई फाटकाशी भेटले. रोजा सोडायला घरी चालले होते. हसत म्हणाले, अप्पा, आज पेंटरच्या रंगाच्या बादलीत अक्रोड निघाला. कंपनीवाले रंगात बी मेवा टाकून राह्यले काय? मी म्हटलं, काळ बदलला, काहीही टाकतात. मग त्यांनी विचारलं, आपला मेवा बराबर आहे ना? मी छाती पुढे काढून सांगितलं, एकदम बराबर. ते म्हणाले, मला बिलकुल टेन्शन न्हाई, तुमच्या हातात आहे म्हंजे तिजोरीत आहे.

तिजोरीत. शब्द त्यांचा आहे.


१० मार्च, सोमवार

थोडा वास येतो आहे. खवट नाही, पण खवटच्या रस्त्याने निघालेला. दोष उन्हाचा. मार्च महिन्यात एवढं ऊन पडायला नको होतं.

ऊन झालं, आता थंड. शेवटी फ्रीज. पण ज्योत्स्नाच्या पद्धतीने नाही. बरणी नाही, झाकण नाही. परातीत मोकळा पसरला, वरून काही घातलं नाही. गार हवाही मिळेल आणि श्वासही. दोन्ही बाजू सांभाळणे यालाच अनुभव म्हणतात. परात ठेवायला जागा हवी म्हणून सुकटीचा डबा बाजूला सरकवला. त्याचं झाकण जरा सैल आहे.


११ मार्च, मंगळवार

मेव्याला सुकटीचा वास लागला आहे.

बेबीनंदाने फ्रीज उघडला आणि पदर नाकाला लावला. म्हणाली, अवो, ईदला शिरखुर्मा करायचा हे का झिंग्याची आमटी?

फ्रीज बनवणाऱ्यांनी ह्याचा विचार करायला हवा होता. माल बाहेर काढला. पुन्हा पलंगाखाली, विटांवर.


१२ मार्च, बुधवार

वासावर वास हाच उतारा. शाळेमागच्या झाडाचा कडुनिंबाचा पाला ओरबाडून आणला आणि मेव्यात थर देऊन घातला. आमची आई ज्वारीत घालायची. डांबराच्या गोळ्याही आणल्या होत्या, पण ज्योत्स्नाने हातातून काढून घेतल्या आणि म्हणाली, पप्पा, हे खायचं हे, संडासात ठेवायचं न्हाई. आवाज चढला होता तिचा. मी चिडलो नाही. मोठ्या चार्जवरच्या माणसाने लहान गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात.


१३ मार्च, गुरुवार. होळी

अडचण अशी. मेव्याला आता ऊन, तेल, सुकट आणि कडुनिंब असा चार प्रकारचा वास आहे. वासावरून माल ताजा की शिळा हे कळत नाही. चाखून कळेल, पण चाखायचा नाही असा निश्चय आहे. बेबीनंदा म्हणाली, एक बदाम खाऊन पाहा, महेमूदभाई काय मोजत्यात का? मी म्हटलं, भाई मोजत नाहीत म्हणूनच मी मोजायचं. पोळी न खाताच उठलो. मग तिने आणून दिली, तेव्हा खाल्ली.

पोळी खाताना एकदम सुचलं. आपण बावळट. इतके दिवस फिरत होतो आणि उपाय आपल्याच कंपनीत होता.

उगवण टेस्ट!


१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

बाहेर रंग चालू आहेत, आत काम चालू आहे.

कंपनीत माल ताजा की मेलेला हे कोणी नाक लावून ठरवत नव्हतं. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी. वर दुसरा ओला तुकडा. गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडायचं. आठवड्याने उघडून कोंब मोजायचे. शंभरात सत्तर उगवले तर माल पास. जिल्ह्यातला कोणताही शेतकरी मृग लागायच्या आधी सोयाबीनची हीच टेस्ट करतो. मग बदामाने काय पाप केलं?

एका गुंडाळीत शंभर बदाम. एका गुंडाळीत शंभर काजू. एका गुंडाळीत पिस्ते, सोलून. चारोळी मोजता मोजता चष्मा घामाने भरला, तेव्हा मूठभर घेतली. अक्रोड अर्धे-अर्धे आहेत, म्हणून दोन अर्ध्यांचा एक दाणा धरला. खारकेची टेस्ट केली नाही. खारीक हे फळ आहे. बी तिच्या आत असतं, ते फेकून देतात.

कोणी म्हणेल, मेवा कमी केला. कमी कुठे केला? टेस्ट झाली की परत थैलीत.

गुंडाळ्या न्हाणीघरात बादलीमागे ठेवल्या.


१५ मार्च, शनिवार

बेबीनंदा आंघोळीला गेली आणि किंचाळली. तिला वाटलं बादलीमागे साप वेटोळं घालून बसला आहे. नंतर वाटलं, साप असता तर बरं झालं असतं. हे तिचं वाक्य. साप बाहेर तरी काढता येतो, म्हणाली.


१७ मार्च, सोमवार

हळूच एक कोपरा उघडून पाहिला. कोंब नाही. बदाम फुगले आहेत. फुगले म्हणजे सुरुवात झाली.


१८ मार्च, मंगळवार

कोंब नाही. बुळबुळीतपणा आहे.

गोणपाट जुनं आहे, दोष त्याचा असणार. शिवाय एका सॅम्पलवर रिझल्ट ठरत नाही. साहेब लोक चार चार सॅम्पल घेत. गेटवरून मी पाहिलं आहे, चार गुंडाळ्या घेऊन जायचे. म्हणून आज नवीन गोणपाट आणलं आणि आणखी तीन-तीन गुंडाळ्या लावल्या. थैलीत आता तळाला थोडं राहिलं होतं. एवढं थोडं वेगळं ठेवून काय करायचं, हिशोब गुंतागुंतीचा होतो. तेही लावून टाकलं, खारकेसकट.

न्हाणीघरात जागा नाही. राजानंद म्हणाला, पप्पा, मी आंघोळ कुठं करू? मी म्हटलं, अंबडला बसने जातोस, वाटेत कुठे नळ नाही का? तो ऑफिसला तसाच गेला.


१९ मार्च, बुधवार. सकाळी सहा

कोंब! कोंब आला!

पिस्त्यांच्या गुंडाळीत. एक. हिरवट पांढरा, मान वाकडी करून उभा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बेबीनंदाला उठवलं, ज्योत्स्नाला उठवलं. म्हटलं, बघा, जिवंत आहे. ज्योत्स्नाने खाली बसून पाहिलं, कोंब दोन बोटांनी वर उचलला आणि म्हणाली, पप्पा, हे सोयाबीन हे. गोणपाटात अडकून राह्यल्तं.

तिचं शिक्षण मराठी साहित्याचं आहे, शेतकीचं नाही. तरी दोन मिनिटांनी मीही भिंग लावून पाहिलं. पिस्ता असता तर कोंबाला थोडी तरी पिस्त्याची छटा आली असती.

सोयाबीन चांगल्या जातीचं दिसतं.


२० मार्च, गुरुवार

सगळ्या गुंडाळ्या उघडल्या. रिझल्ट:

बदाम, शून्य. काजू, शून्य, आणि वर पांढरी लव. पिस्ते, शून्य. चारोळी सापडली नाही. अक्रोड, शून्य भागिले दोन.

याचा अर्थ सरळ आहे. महेमूदभाई फसले गेले. दुकानदाराने त्यांना मेलेला माल दिला. आणि मी नसतो तर हे ईदपर्यंत कोणाला कळलंही नसतं!

उद्या जालन्याला जाऊन त्या दुकानदाराला जाब विचारणार. मेवा मस्तगडच्या राधेश्यामच्या दुकानातला आहे, थैलीवर नाव छापलेलं आहे.


२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी

गेलो. पुरावा म्हणून एक गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत घेतली. बसमध्ये शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. बदनापूरपासून जालन्यापर्यंत कोणी बसलं नाही. आरामात गेलो.

दुकानात ईदची गर्दी. मी सरळ गल्ल्यासमोर गुंडाळी उलगडली. चार बायका बाहेर गेल्या. राधेश्यामने रुमाल नाकाला लावला आणि विचारलं, काका, हे कुठं पुरून ठेवल्तं? मी म्हटलं, पुरलं नाही, टेस्ट केली, लॉट नंबर काय, उगवण किती टक्के, टॅग दाखवा. तो म्हणाला, काका, माझं खायचं दुकान हे. उगवायचं पाहिजे तर तीन दुकानं सोडून बियाण्याचं हे. आजपर्यंत माझे काजू कोणी पेरले न्हाईत. गर्दीतला एक जण म्हणाला, पेरू द्या की, पुढच्या वर्षी रोपं न्या यांच्याकडून. लोक हसले. जालन्याच्या लोकांना गंभीर विषय कळत नाही.

मग मी वजन वापरलं. म्हटलं, माल माझा नाही, बदनापूरच्या महेमूदभाई वायंडिंगवाल्यांचा आहे, मी फक्त त्याचा इन्चार्ज आहे. तेव्हा तो हसायचा थांबला. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, बरं काका, मी बघतो काय ते. तुम्ही घरी जा, ऊन फार हे.

दबला. आपण एकदा बोललो की माणूस दबतो.


२२ मार्च, शनिवार

रात्रभर विचार केला नाही. सकाळी केला.

नवीन माल देतो असं राधेश्याम म्हणाला नाही. फक्त बघतो म्हणाला. आणि ईद आठ-नऊ दिवसांवर. समजा त्याने काही केलं नाही. मग थैलीत काय आहे?

आज मेवा गरम पाण्याने धुतला. लव गेली, काजूही बरेचसे गेले, ते पिठासारखे झाले होते. बाकीचं पंख्याखाली पसरलं. मांजर आलं, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि गेलं.

बेबीनंदा हातात झाडू घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, अवो, खाऊन टाकला असता तर बरं झालं असतं. निदान कोणाच्या तरी पोटात गेला असता. मंग महेमूदभाईला काय सांगणार हायेत तुम्ही?

सांगणार आहे. जे खरं ते सांगणार आहे. माणूस चाळीस वर्षांपासून शेजारी आहे. जयंतीच्या मिरवणुकीला दरवर्षी त्यांच्या दुकानासमोर सरबताचा पिंप असतो, आणि पहिला ग्लास मला. त्यांच्याशी खोटं बोलणं शक्य नाही.


२३ मार्च, रविवार

आज सांगणार होतो. दुपारी दुकानावर गेलो. पण भाईंचा रोजा, ओठ सुकलेले, समोर कूलरचा ढीग. उपाशी माणसाला वाईट बातमी सांगू नये. परत आलो.


२४ मार्च, सोमवार

संध्याकाळी, रोजा सोडल्यावर गेलो. पण ते नुकते जेवून बसले होते. भरल्या पोटावर धक्का बसला तर? वय झालेलं आहे त्यांचं. हसीनाभाभींनी मला भजी दिली. भजी घेऊन परत आलो.


२६ मार्च, बुधवार

उपाशी नको आणि जेवलेला नको. म्हणजे रोजा सोडताना, खजूर तोंडात असतानाची वेळ योग्य. पण तेव्हा ते बोलू शकत नाहीत, आणि मी एकटाच बोललो तर ते भाषण होईल.

काय बोलायचं ते मात्र पाठ केलं आहे. "भाई, मेवा ईदच्या आदल्या दिवशी भिजवावाच लागतो. मी तो जरा आधी भिजवला." हे शंभर टक्के खरं आहे. बेबीनंदाला म्हणून दाखवलं. तिने कपाळाला हात लावला. पण चूक काढता आली नाही तिला.


२८ मार्च, शुक्रवार

भूक मेली आहे. भाकरी अर्धीच गेली. महेमूदभाईंच्या घरातला रंग पूर्ण झाला, अंगणातलं सामान आत जाताना दिसतं. म्हणजे आता कधीही येतील. फाटक वाजलं की उठून दाराशी जातो. दोनदा दूधवाला निघाला.

आधी वाटायचं, काम गेलं तर जाऊ दे. आता तसं वाटत नाही. या गावात मला हाक मारून माझ्या हातात काही देणारा हा एकच माणूस आहे. गॅस गेला, किल्ली गेली, त्याचं मी चालवून घेतलं. हे गेलं तर चालवून घेता येणार नाही.


२९ मार्च, शनिवार

मेव्याला पुन्हा लव आली. ज्योत्स्ना म्हणाली, पप्पा, घरात बसवेना, टाका ते. वाया नको म्हणून चांगुणाबाईंच्या शेळीसमोर टोपलं ठेवलं. शेळीने तोंड फिरवलं. ही शेळी मागच्या महिन्यात राजानंदचं आधारकार्ड खाऊन गेली होती.

उकिरड्यावर टाकलं.

थैली धुऊन, वाळवून, इस्त्री केली. निदान थैली तरी जशीच्या तशी परत देऊ.


३० मार्च, रविवार. पाडवा

सकाळपासून इस्त्री केलेली थैली मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो. मेवा कापायला, भिजवायला वेळ लागतो, त्यामुळे आजच येणार. पाठ केलेलं मनात म्हणत होतो.

दुपारी महेमूदभाई समोरून गेले. सलाम केला. म्हणाले, अप्पा, ऊन फार आहे, आत बसा. आणि गेले.

संध्याकाळी चंद्र दिसला. गल्लीत फटाके फुटले. भाई पुन्हा समोरून गेले, दुधाच्या पिशव्या घेऊन. चाँद मुबारक म्हणाले. मेव्याचं नाव नाही.

आधी बरं वाटलं. विसरले असतील. नंतर राग आला. एवढा माल दुसऱ्याच्या घरात ठेवायचा आणि ईद आली तरी विचारायचंही नाही? माझ्या जागी दुसरा कोणी असता तर खाऊन बसला असता!


३१ मार्च, सोमवार. ईद

सकाळी शबनम, भाईंची सून, डबा घेऊन आली. शिरखुर्मा. झाकण काढलं तर वर बदामाचे काप, पिस्त्याचे काप, काजूचे तुकडे, चारोळी मोजावी एवढी. एक चमचा तोंडात घातला. बदाम करकरीत. ताजा.

डबा तसाच ठेवून पलीकडे गेलो. घर नव्या रंगाने झगझगत होतं. भाईंनी तीनदा गळाभेट घेतली. अत्तराचा वास. मला पाठ केलेलं काहीच आठवेना. सरळ विचारलं, भाई, मेवा कुठून आला?

त्यांनी माझा हात धरला, कोपऱ्यात नेलं आणि हळू म्हणाले, अप्पा, राधेश्यामचा फोन आल्ता. तुम्ही दुकानातून उतरले अन्‌ त्याने लावला. मंग मी दुसऱ्या दिवशी जाऊन दुसरा घेऊन आलो. हसीना बोलली, अप्पाला काही बोलू नका, ते आधीच सुकून राह्यलेत.

म्हणजे गेला आठवडाभर मी उपाशी-जेवलेला करत त्यांच्या दुकानापर्यंत जात होतो आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, मग तुम्ही मला भजी कशाला दिली? ते म्हणाले, भजी तर द्यायचीच ना.

मी म्हटलं, भाई, तिजोरी म्हणाल्ते तुम्ही मला. त्यांनी पाठीवर हात ठेवला. मग आतून कोणीतरी हाक मारली आणि ते गेले.

घरी येऊन डबा संपवला. शिरखुर्मा फार छान झाला होता. हे लिहावंसं वाटत नाही, पण झाला होता.


२ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी

सकाळी मीच गेलो. म्हटलं, भाई, आणखी काही ठेवायचं असेल तर सांगा. मी मोकळाच आहे.

महेमूदभाईंनी सगळ्या घरावरून नजर फिरवली. नवी फरशी, टी.व्ही., पिंजऱ्यातला पोपट. पोपटावर थोडी थांबली. आतून हसीनाभाभी खोकल्या. नजर पुढे गेली. शेवटी म्हणाले, चला दुकानावर.

दुकानामागे एक मोठी मोटार पडली होती. विहिरीवरची, पाच एच.पी.ची, जळून काळी झालेली. म्हणाले, अप्पा, ही जरा तुमच्याकडे ठेवायची. लई भरोशाची चीज आहे. दोन माणसांनी हातगाड्यावर आणून दिली, आणि हातगाड्याच्या पुढे मी चाललो. चांगुणाबाईंनी पाहिलं.

अंगणात सावली बघून ठेवली. पुसली. आत तांब्याची तारही नाही, भाईंनी आधीच काढून घेतलेली आहे. नुसतं ओतीव लोखंड. मला कळतं.

बेबीनंदा बाहेर आली, मोटारीभोवती एकदा फिरली आणि मोठ्याने म्हणाली, अवो, हे तर भंगार हे!

मी म्हटलं, हळू बोल. भाईंना ऐकू जाईल.